डाव्या हाताचा मळ : ऑटोकॅडचे शॉर्टकट आणि मॅक्रो

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या वेळी बहुतेक पत्रे ऑटोकॅडवर, म्हणजे संगणकावर नकाशे काढायच्या प्रोग्रामवर, बसणाऱ्यांची आहेत. एक खुलासा आधीच करतो. आज्ञा, अक्षरे आणि आकडे इथे देवनागरीत छापले आहेत. संगणकावर ते इंग्रजीतच टाकायचे. ‘पीएल’ म्हणजे कळफलकावरची पी आणि एल ही दोन अक्षरे. मॅक्रोतली, म्हणजे एका कळीत अनेक आज्ञा चालवणाऱ्या ओळीतली, चिन्हे मात्र जशी छापली आहेत तशीच टाकायची.

प्रश्न : मी घरांचे प्लॅन काढते. उजवा हात माउसवर आणि डावा कळफलकावर असतो. लाइन, ऑफसेट, मूव्ह, मिरर या रोजच्या आज्ञांची अक्षरे नेमकी उजवीकडे आहेत, त्यामुळे दर वेळी माउस सोडावा लागतो. ती बदलता येतात का? (म्हापसा)

येतात, आणि त्यासाठी प्रोग्रामिंग लागत नाही. ही अक्षरे म्हणजे आज्ञांची टोपणनावे. ती ‘अकॅड.पीजीपी’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात. एलटी या हलक्या आवृत्तीत तिचे नाव ‘अकॅडएलटी.पीजीपी’. फाइल ‘अ‍ॅपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरच्या पोटात खोल असते. ती शोधत बसू नका. ‘मॅनेज’ टॅबवर ‘एडिट एलियसेस’ दाबा, फाइल नोटपॅडमध्ये उघडेल. एकाच संगणकावर ऑटोकॅडच्या दोन आवृत्त्या असतील तर या वाटेने जाणे आणखी गरजेचे, कारण प्रत्येक आवृत्तीची पीजीपी वेगळी असते. लोक जुन्या आवृत्तीची फाइल बदलतात आणि नवीत काहीच कसे होत नाही म्हणून डोके धरून बसतात.

ओळीची रचना अशी : आधी टोपणनाव, मग स्वल्पविराम, मग तारा आणि त्याला चिकटून आज्ञेचे पूर्ण नाव.

डब्ल्यूडब्ल्यू, *लाइन
एफएफ, *ऑफसेट
व्हीव्ही, *मूव्ह
जीजी, *मिरर

मूळ यादीत खाडाखोड करू नका. फाइलच्या तळाशी वापरणाऱ्याने आपली टोपणनावे लिहायचा भाग असतो, तिथे लिहा. एकच टोपणनाव दोनदा आले तर शेवटचे लागू होते, म्हणून तळाची ओळ वरच्या ओळीला आपोआप मागे टाकते. शिवाय उद्या नवी आवृत्ती आली की एवढाच तुकडा उचलून न्यायचा.

एकच अक्षर दोनदा असे आम्ही मुद्दाम सुचवले आहे. बोट हलत नाही, नुसते दोनदा आपटते. डाव्या हाताची एकेरी अक्षरे बहुतेक सगळी आधीच घेतलेली आहेत : ई इरेज, आर रीड्रॉ, एस स्ट्रेच, एफ फिलेट, जी ग्रुप, एक्स एक्सप्लोड, व्ही व्ह्यू, बी ब्लॉक. यातले ‘आर’ बेधडक घ्या आणि रोटेटला द्या. आजच्या यंत्रांवर रीड्रॉची गरज क्वचितच पडते. पण ‘एए’ला हात लावू नका. ते एरियाचे आहे, आणि एफएआर (प्लॉटच्या मानाने बांधकामाचे क्षेत्र) व कव्हरेजचा हिशेब रोज करणाऱ्याला ते लागतेच लागते.

फाइल सेव्ह केली की ऑटोकॅड बंद करायला नको. ‘रीइनिट’ आज्ञा द्या, ‘पीजीपी फाइल’ समोर खूण करा, ओके म्हणा. तरीही चालले नाही तर तीन जागा तपासा. तारा राहिला असेल, तर ती ओळ टोपणनावाची न राहता ऑटोकॅडबाहेरचा प्रोग्राम बोलावणारी ठरते. स्वल्पविराम राहिला असेल. किंवा नोटपॅडने ‘सेव्ह अ‍ॅज’ करताना शेपटाला ‘.टीएक्सटी’ जोडले असेल. विंडोज शेपूट लपवते, त्यामुळे नाव बरोबर दिसते आणि फाइल मात्र दुसरीच असते.

एक मर्यादा आहे. टोपणनावात आज्ञेचे पर्याय भरता येत नाहीत. ‘झेडई’ म्हणजे ‘झूम, एक्स्टेंट्स’ असे पीजीपीत लिहून चालणार नाही. एवढे मात्र चालते, की आज्ञेच्या आधी वजाचे चिन्ह देऊन तिची खिडकी न उघडणारी आवृत्ती बोलवावी, जसे *-लेयर.

प्रश्न : झूम एक्स्टेंट्ससाठी झेड, एंटर, ई, एंटर असे दिवसातून शंभरदा होते. शिवाय माप टाकण्याआधी लेयर (ड्रॉइंगचा थर) बदलायचा विसरतो आणि मापे भिंतींच्या लेयरवर जाऊन बसतात. एका कळीत होईल का? (फोंडा)

पहिल्या दुखण्याला औषधच नको. माउसचे चाक पटकन दोनदा दाबा. झूम एक्स्टेंट्स होते. हे कित्येक वर्षे काम करणाऱ्यांनाही ठाऊक नसते.

दुसऱ्यासाठी मॅक्रो हवा. ‘सीयूआय’ आज्ञा द्या. उघडलेल्या खिडकीत डावीकडे खाली आज्ञांची यादी असते. तिच्या शोधचौकटीत आधी पाहा, कारण हवी ती गोष्ट अनेकदा तिथे तयार असते. नसेल तर यादीच्या वरचे ‘नवी आज्ञा’ बटण दाबा, उजवीकडे नाव द्या, आणि ‘मॅक्रो’ या चौकटीत असे लिहा :

^सी^सी_-लेयर;_एम;ए-डिम;_सी;३;;;_डिमलिनियर

सुरुवातीची टोपी म्हणजे कळफलकावरच्या ६ च्या डोक्यावरचे चिन्ह. ‘^सी’ म्हणजे एस्केप दाबल्यासारखे. ते दोनदा, कारण काही आज्ञांतून बाहेर पडायला एकदा पुरत नाही. अर्धविराम म्हणजे एंटर. खालची रेघ कोणत्याही भाषेच्या ऑटोकॅडमध्ये इंग्रजी आज्ञा समजावी म्हणून. आपल्याकडे तिच्यावाचून अडत नाही, पण सवय चांगली. लेयरच्या आधीचे वजाचे चिन्ह सगळ्यात महत्त्वाचे. ते नसेल तर लेयरची खिडकी उघडते आणि पुढचा मजकूर वाऱ्यावर जातो.

आता ३ नंतरचे तीन अर्धविराम. पहिला एंटर रंग ३, म्हणजे हिरवा, पक्का करतो. मग ऑटोकॅड विचारते, हा रंग कोणत्या लेयरला? दुसरा एंटर म्हणतो, आत्ताच्याच. तिसरा एंटर लेयर आज्ञेतून बाहेर पडतो. एक कमी पडला तर आज्ञा अजून उघडी असते आणि ‘डिमलिनियर’ हा तिला लेयरचा पर्याय वाटतो, मग ती अमान्य म्हणून झिडकारते. एक जास्त झाला तर? रिकामा एंटर मागची आज्ञा पुन्हा चालवतो, म्हणजे पुन्हा लेयर, आणि पुन्हा तीच झिडकारणी. दोन्ही चुकांचा चेहरा सारखाच, त्यामुळे अंदाजाने अर्धविराम घालत-काढत बसलात तर संध्याकाळ होईल. त्यापेक्षा तीच आज्ञा एकदा हाताने टाइप करा, प्रत्येक एंटर कागदावर मोजा, आणि मग मॅक्रो लिहा.

शेवटी अर्धविराम दिलेला नाही, कारण मॅक्रोच्या शेवटी एक एंटर ऑटोकॅड स्वतःच जोडते.

या मॅक्रोत एक खोडीही आहे. ‘_एम’ म्हणजे मेक. लेयर नसेल तर तो बनवतो, असेल तर नुसता चालू करतो; पण पुढचा ‘_सी;३’ दर वेळी रंग हिरवा करतोच. दुसऱ्या आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये त्याच नावाचा लेयर लाल असेल तर तुमच्या एका कळीने त्याची सगळी मापे हिरवी होतील, आणि रंगावरून रेघेची जाडी ठरवणारी सीटीबी वापरत असाल तर छपाईत जाडीही बदलेल. म्हणून लेयर तुमच्या टेम्प्लेटमध्ये आधीच असेल तर रंगाचा तुकडा गाळा आणि मेकऐवजी सेट वापरा :

^सी^सी_-लेयर;_एस;ए-डिम;;_डिमलिनियर

लेयरच्या नावात मोकळी जागा ठेवू नका. मॅक्रोत मोकळी जागाही एंटरसारखीच वागते.

आज्ञा बनली की वर डावीकडे ‘कीबोर्ड शॉर्टकट्स’ उघडा, त्यातल्या ‘शॉर्टकट कीज’वर ती ओढून सोडा, उजवीकडे ‘की’च्या चौकटीतल्या तीन टिंबांवर टिचकी द्या, हवी ती जोडी दाबा. तीच जोडी आधी कोणाकडे आहे ते तिथेच खाली दिसते, ते वाचल्याशिवाय ‘असाइन’ करू नका. नुसते एक अक्षर इथे चालत नाही. कंट्रोल, कंट्रोल-शिफ्ट, कंट्रोल-ऑल्ट यांच्या जोडीने किंवा एफ कळींवर द्यावे लागते. कंट्रोल-ऑल्ट आणि बाणाच्या कळी टाळा, जुन्या इंटेल ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये त्यांनी पडदाच उलटा होतो.

मूळ दुखणे एवढेच असेल की मापे चुकीच्या लेयरवर जातात, तर २०१६ पासूनच्या आवृत्त्यांत ‘डिमलेयर’ नावाचे चल, म्हणजे सेटिंग, आहे. त्यात लेयरचे नाव भरले की नवी मापे त्यावर जातात. मग मॅक्रोची गरजच उरत नाही.

प्रश्न : दारे-खिडक्यांचे ब्लॉक (पुन्हा पुन्हा वापरायची तयार चित्रे) बसवण्यासाठी मॅक्रो लिहिला, पण तो कधी चालतो, कधी मधेच अडकतो. ब्लॉकचा पत्ता दिला की तर हमखास मोडतो. (सावर्डे)

पत्त्याचे आधी. मॅक्रोत उलटी तिरकी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, याचा अर्थ ‘थांब, माणसाला काहीतरी दाखवू दे’. विंडोजचा पत्ता त्याच रेघांनी भरलेला. त्यामुळे प्रत्येक फोल्डरपाशी मॅक्रो तुमच्या टिचकीची वाट पाहतो. पत्त्यात सरळ तिरकी रेघ वापरा, डी:/ब्लॉक/दार-९०० अशी. ऑटोकॅडला ती समजते.

कधी चालतो, कधी अडकतो याचे कारण बहुधा ब्लॉकमध्येच आहे. ब्लॉक बनवताना ‘स्केल युनिफॉर्मली’ला खूण केलेली असेल तर इन्सर्ट आज्ञा मापाचा आकडा एकदाच विचारते, नसेल तर एक्स आणि वाय असे दोनदा. एका दाराला दोन उत्तरे, दुसऱ्याला एक. मॅक्रोला हे कुठून कळणार? म्हणून माप आधीच सांगून टाका :

^सी^सी_-इन्सर्ट;दार-९००;_एस;१;\\

‘_एस;१’ने प्रमाण १ ठरले, आता ते पुन्हा विचारले जात नाही. मागच्या दोन उलट्या रेघा म्हणजे दोन थांबे : पहिल्यात जागा दाखवायची, दुसऱ्यात दार कोणत्या दिशेला वळवायचे ते.

बाल्कांवाच्या (गोव्यातल्या घरापुढच्या बैठकीच्या ओट्याच्या) कठड्याचे खांब किंवा हॉटेलातल्या ओळीने येणाऱ्या खिडक्या बसवायच्या असतील तर मॅक्रोच्या अगदी सुरुवातीला, टोपीच्याही आधी, तारा लावा. मग एस्केप दाबेपर्यंत तो स्वतःला पुन्हा पुन्हा चालवतो. भिंतीसाठी ^सी^सी_ऑफसेट;२३०; एवढेच पुरते, ऑफसेट मुळातच थांबवेपर्यंत चालत राहते. चिऱ्याच्या भिंतीसाठी एक बटण, काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या १०० मिलिमीटरच्या पार्टिशनसाठी दुसरे.

प्रश्न : पंचायतीला द्यायच्या नकाशात मराठीत टिपा लिहितो. लिहून झाले की ऑटोकॅड एकही आज्ञा ओळखत नाही. शिवाय दुसऱ्या संगणकावर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात. (डिचोली)

दोन वेगळी दुखणी आहेत. पहिले कळफलकाचे. टीप लिहिताना तुम्ही विंडोजचा कळफलक मराठीवर नेला, टीप संपली, आणि एल दाबले. पण ऑटोकॅडला मिळाले देवनागरी अक्षर. अशी आज्ञा त्याच्याकडे नाही. विंडोज आणि स्पेसबार दाबून परत इंग्रजीवर या. खाली उजव्या कोपऱ्यात ‘मरा’ की ‘इंग’ ते पाहायची सवय लावा.

याचा एक चोरटा भाऊ आहे. मराठीत काहीही लिहिले नाही तरी आज्ञा अचानक बंद पडतात. विंडोजमध्ये डावे ऑल्ट-शिफ्ट किंवा कंट्रोल-शिफ्ट दाबले की भाषा किंवा कळफलक बदलण्याची सोय असते. तुम्ही कंट्रोल-शिफ्टचे चार शॉर्टकट बनवले असतील तर त्यातली एखादी जोडी अर्धवट दाबली गेली की कळफलक गुपचूप मराठी. विंडोजच्या सेटिंगमध्ये टायपिंग, मग अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, मग इनपुट लँग्वेज हॉट कीज इथे जाऊन या जोड्या ‘नॉट असाइन्ड’ करा. विंडोज-स्पेस चालूच राहते. त्याच पानावर प्रत्येक खिडकीसाठी वेगळा कळफलक ठेवण्याची खूणही आहे. मग टिपा वर्डमध्ये मराठीत लिहून ऑटोकॅडमध्ये चिकटवल्या तर ऑटोकॅडची खिडकी इंग्रजीतच राहते. आमच्या मते हाच उत्तम मार्ग.

प्रश्नचिन्हांचे दुखणे फाँटचे. ‘सिम्प्लेक्स’, ‘रोमन्स’ या एसएचएक्स फाँटमध्ये देवनागरी नाहीच. ‘स्टाइल’ आज्ञेने मराठीसाठी एक वेगळी शैली बनवा आणि तिला निर्मला यूआय किंवा मंगल हा युनिकोड फाँट द्या. विंडोजमध्ये निर्मला असतोच, त्यामुळे समोरच्या कचेरीतही टीप वाचता येते. जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फाँटमधला मजकूर असेल तर तो आतून इंग्रजी अक्षरांचाच असतो. फाँट नसलेल्या संगणकावर ‘सर्व्हे नंबर’ऐवजी कचरा दिसतो. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदला, मग चिकटवा. सर्व्हे क्रमांक, चलता क्रमांक (शहरी भूखंडाचा) आणि एक-चौदाच्या (गोव्यातल्या जमिनीच्या) उताऱ्यावरची नावे पुन्हा एकदा डोळ्यांनी ताडून पाहा. बदलताना जोडाक्षरे आणि रफार हमखास घसरतात.

प्रश्न : एस्केप दाबायला जातो आणि एफ-१ दाबले जाते, मग मदतीची खिडकी उघडते. लॅपटॉपवर तर एफ-८ने ऑर्थोऐवजी (रेघ सरळ आडवी-उभी ठेवण्याऐवजी) भलतेच काही होते. (वास्को)

सीयूआयमध्ये नवी आज्ञा बनवा, मॅक्रोच्या चौकटीत फक्त ^सी^सी लिहा, आणि तिला एफ-१ ही कळ द्या. आता चुकून दाबले तरी एस्केपच होते.

लॅपटॉपचे काम ऑटोकॅडमध्ये नाही. एफ कळी आवाज-उजेडासाठी बांधलेल्या असतात. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबले की कुलूप बदलते आणि एफ कळी एफ कळी होतात. तसे नसेल तर बायोसमध्ये सोय असते. मधल्या काळात ऑर्थोसाठी शिफ्ट दाबून धरा. दाबलेले असेपर्यंत ऑर्थो उलटा होतो, सोडले की पूर्ववत. शिफ्ट-ई एंडपॉइंट, शिफ्ट-व्ही मिडपॉइंट, शिफ्ट-सी सेंटर, शिफ्ट-डी सगळे स्नॅप (नेमका बिंदू पकडण्याची सोय) तात्पुरते बंद. ही सगळी डाव्या हाताची अक्षरे आहेत आणि काहीही न बदलता मिळतात.

प्रश्न : नेटवर मिळालेला एक लिस्प प्रोग्राम (ऑटोकॅडच्या आत चालणारा) चालवला. मधेच एस्केप केले. तेव्हापासून ऑस्नॅप लागत नाही आणि ओपन म्हटले की खिडकी न उघडता खाली फाइलचे नाव विचारते. ऑटोकॅड पुन्हा टाकावे लागेल का? (मडगाव)

मुळीच नाही. लिस्प लिहिणारे सुरुवातीला काही चले स्वतःच्या सोयीने बदलतात आणि शेवटी परत जागेवर ठेवतात. तुम्ही मधेच थांबवलेत, म्हणून ‘परत जागेवर’ राहून गेले. नीट लिहिलेल्या प्रोग्राममध्ये अशा वेळेसाठीही तजवीज असते. फुकटच्या पुष्कळांत नसते.

‘फाइलडिया’ टाइप करा, १ द्या. खिडक्या परत येतील. मग ‘ऑस्मोड’. हा आकडा बेरजेने बनतो : एंडपॉइंट १, मिडपॉइंट २, सेंटर ४, नोड ८, क्वाड्रंट १६, इंटरसेक्शन ३२, पर्पेंडिक्युलर १२८. एंडपॉइंट, मिडपॉइंट, सेंटर आणि इंटरसेक्शन हवे असतील तर १ + २ + ४ + ३२, म्हणजे ३९. एफ-३ने स्नॅप बंद केला की याच आकड्यात १६३८४ मिळवले जातात, त्यामुळे १६४२३ असा आकडा दिसला तर घाबरू नका.

हाच आकडा कळीवर बांधून ठेवावा : '_ऑस्मोड;३९ असा मॅक्रो. सुरुवातीची एकेरी खूण असल्यामुळे चालू आज्ञा न तोडता तो चालतो. इथे ^सी^सी लावू नका, नाहीतर अर्धी काढलेली पॉलिलाइन तिथेच संपेल.

याच्या उलटा प्रकारही होतो. लिस्पने मोजून दिलेला बिंदू जवळच्या एखाद्या कोपऱ्याकडे ओढला जातो आणि ब्लॉक दोन-चार मिलिमीटर सरकतो. लांबून झूम केलेले असेल तर हे जास्त होते, कारण स्नॅपची चौकट पडद्यावर तेवढीच राहते आणि तिच्यात जास्त वस्तू येतात. बिंदूच्या आधी ‘_नॉन’ दिले की त्या एका बिंदूपुरता स्नॅप बंद होतो. प्रोग्राम दुसऱ्याचा असेल तर तो चालवण्याआधी एफ-३ बंद ठेवा.

प्रश्न : आमच्या कचेरीत पाच संगणक आहेत. सगळीकडे सारखेच शॉर्टकट हवेत. दोघांकडे एलटी आहे. (पर्वरी)

सर्व्हरवर एक फोल्डर बनवा. त्यात पीजीपी, लिस्पच्या फाइली आणि तुमच्या मॅक्रोंची स्वतंत्र सीयूआयएक्स फाइल (सीयूआयमध्ये केलेले बदल जिच्यात राहतात ती) ठेवा. प्रत्येक संगणकावर ‘ऑप्शन्स’मध्ये ‘फाइल्स’, ‘सपोर्ट फाइल सर्च पाथ’ इथे हे फोल्डर जोडा आणि ‘मूव्ह अप’ने सर्वांत वर न्या. ऑटोकॅड वरून खाली शोधते आणि पहिली सापडलेली पीजीपी वाचते. खाली राहिले तर प्रत्येकाची स्वतःची फाइलच जिंकेल.

मॅक्रो मूळ ‘अकॅड.सीयूआयएक्स’मध्ये घुसडू नका. वेगळी फाइल करून ‘सीयूआयलोड’ने जोडा, किंवा ‘एंटरप्राइज कस्टमायझेशन फाइल’ म्हणून द्या. एंटरप्राइज म्हणून दिलेली फाइल वाचण्यापुरतीच उघडते, त्यामुळे कोणी जाता जाता कळी बदलू शकत नाही. पाच माणसे असतील तर हे फार मोलाचे. बदल एकाने करायचे, बाकीच्यांनी त्याच्याकडे मागायचे. लोकशाही इथे कामाची नाही.

एलटीत ऑटोलिस्प २०२४ च्या आवृत्तीपासून आले. त्याआधीची एलटी असेल तर लिस्प विसरा. पीजीपी आणि सीयूआयचे मॅक्रो मात्र चालतात. म्हणून सामाईक गोष्टी शक्यतो मॅक्रोत बसवा. पूर्ण ऑटोकॅडमध्ये लिस्पसाठी ‘अकॅडडॉक.एलएसपी’ वापरा, ती प्रत्येक ड्रॉइंगबरोबर चढते. सर्व्हरचे फोल्डर ‘ट्रस्टेड लोकेशन्स’मध्ये घातले नाही तर दर वेळी इशाऱ्याची खिडकी येईल. तो इशारा कायमचा मिटवण्यासाठी ‘सिक्युअरलोड’ शून्य करणारे भेटतात; तसे करू नका, लिस्पमधून पसरणारे व्हायरस खरोखर असतात.

पावसाळ्यात वीज जाऊन सर्व्हर बंद असला तर ऑटोकॅड उघडायला फार वेळ घेते, कारण ते हरवलेला पत्ता शोधत राहते. अशा दिवसांसाठी त्याच फोल्डरची एक प्रत प्रत्येक संगणकावर ठेवा आणि वेगळी ‘प्रोफाइल’ बनवून तिच्यात तो पत्ता द्या.

प्रश्न : साठ ड्रॉइंग गिऱ्हाइकाला पाठवायची आहेत. प्रत्येक उघडून पर्ज (न वापरलेले काढून टाकणे), झूम, सेव्ह असे करायला दिवस जातो. (कुंडई औद्योगिक वसाहत)

हे स्क्रिप्टचे काम. नोटपॅडमध्ये तीन ओळी लिहा आणि फाइलला ‘.एससीआर’ शेपूट द्या :

_-पर्ज _ए * _एन
_झूम _ई
_क्यूसेव्ह

शेवटच्या ओळीनंतर एकदा एंटर हवा, नाहीतर क्यूसेव्ह टाइप होऊन तसेच बसून राहील. ओळीच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागा म्हणजे एक फालतू एंटर, आणि तो मागची आज्ञा पुन्हा चालवतो. स्क्रिप्ट बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे ही न दिसणारी जागा. पर्जची ओळ दोनदा-तीनदा लिहा. एका फेरीत वरचा ब्लॉक गेला की त्याच्या आतला दुसऱ्या फेरीत मोकळा होतो.

पूर्ण ऑटोकॅडबरोबर ‘एसीकोअरकन्सोल’ नावाचा पडद्याविना चालणारा छोटा ऑटोकॅड येतो. त्याला /आय पुढे ड्रॉइंगचे आणि /एस पुढे स्क्रिप्टचे नाव द्यायचे. बॅच फाइलमधून फोल्डरातल्या प्रत्येक ड्रॉइंगवर ही ओळ फिरवली की साठ फाइली चहा होईपर्यंत होतात. आधी फोल्डरची प्रत काढा आणि प्रतीवरच चालवा, क्यूसेव्ह विचारत नाही. शिवाय पर्ज रिकामे लेयरही उडवते. गिऱ्हाइकाला सगळे ठरलेले लेयर रिकामे असले तरी हवे असतील तर ‘_ए’ऐवजी ‘_बी’ देऊन फक्त ब्लॉक साफ करा.

प्रश्न : आयटीआयमध्ये सिव्हिल ड्राफ्ट्समनचा कोर्स करत आहे. आतापासूनच स्वतःचे शॉर्टकट बनवू का? (पेडणे)

अजून नको. परीक्षेच्या आणि नोकरीच्या चाचणीच्या संगणकावर तुमची पीजीपी नसेल. मूळची ही सोळा टोपणनावे आधी बोटांत बसवा : एल, पीएल, सी, आरईसी, ओ, टीआर, ईएक्स, सीओ, एम, एमआय, आरओ, एफ, एच, डीएलआय, एमए, एलए. स्पेसबारने एंटर मारायची आणि रिकाम्या स्पेसने मागची आज्ञा पुन्हा बोलवायची सवय लावा. आणि कमांड लाइन कधी गायब झाली तर घाबरू नका, कंट्रोल-९ दाबा.

प्रश्न : नव्या संगणकावर नवी आवृत्ती टाकली. प्रोफाइल निर्यात करून आणली, तरी शॉर्टकट आले नाहीत. (काणकोण)

प्रोफाइलच्या ‘.एआरजी’ फाइलमध्ये फायलींचे पत्ते असतात, फायली नसतात. पीजीपी, स्वतःची सीयूआयएक्स, लिस्प, सीटीबी, टेम्प्लेट हे सगळे वेगळे उचलून न्यावे लागते. पीजीपीतला फक्त तळाचा तुमचा भाग नव्या फाइलच्या तळाशी चिकटवा. जुनी ‘अकॅड.सीयूआयएक्स’ नव्यावर उमटवू नका, नव्या आवृत्तीच्या रिबनवरची बटणे नाहीशी होतील. सीयूआयच्या ‘ट्रान्सफर’ टॅबवर जुनी फाइल एका बाजूला, नवी दुसऱ्या बाजूला उघडून हव्या त्या आज्ञा आणि कळी ओढून न्या.

प्रश्न : आता रेव्हिटकडे (इमारतीचे त्रिमितीय मॉडेल बनवणाऱ्या प्रोग्रामकडे) वळतो आहे. तिथे हे सगळे चालते का? (पणजी)

सवय चालते, फायली नाहीत. रेव्हिटमध्ये ‘केएस’ दाबले की शॉर्टकटची खिडकी उघडते, आणि ‘एक्स्पोर्ट’ने यादी एक्सएमएल फाइलमध्ये निघते, ती दुसऱ्या संगणकावर ‘इम्पोर्ट’ करता येते. तिथे एंटर दाबायचा नसतो, अक्षरे पुरी झाली की आज्ञा चालते. म्हणून ‘एल’ असा एकेरी शॉर्टकट ठेवलात तर ‘एल’ने सुरू होणारे दोन अक्षरी शॉर्टकट दाबताना गफलत होईल. सगळे दोन अक्षरीच ठेवा. ऑटोकॅडसाठी वर सुचवलेली डब्ल्यूडब्ल्यू, एफएफ ही दुहेरी अक्षरांची टोपणनावे तिथेही नेता येतात (व्हीव्ही मात्र तिथे आधीच व्हिजिबिलिटी/ग्राफिक्सचे आहे), फक्त मागचा स्पेसबार मारायचा नाही. पहिले दोन आठवडे तो मारला जाईलच, आणि रेव्हिटमध्ये रिकामा स्पेस निवडलेले दार फिरवतो. तेव्हा दारे अचानक भलत्या बाजूला उघडू लागली तर दोष अंगठ्याचा आहे.